छतातल्या भोकांचा हिशेब : आवाज शोषणाऱ्या टाइल्सचे जुने कॅटलॉग कसे वाचायचे?

इंटरनेट आर्काइव्हवर अमेरिका आणि कॅनडातल्या जुन्या बांधकाम-मालाच्या कॅटलॉगांचा एक भलामोठा साठा आहे. त्याचं नाव बिल्डिंग टेक्नॉलॉजी हेरिटेज लायब्ररी. जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करणाऱ्या असोसिएशन फॉर प्रिझर्वेशन टेक्नॉलॉजी या संस्थेनं तो उभा केला. खिडक्या, कौलं, नळ, रंग, कड्याकोयंडे असं सगळं त्यात आहे आणि त्याच रांगेत छताच्या टाइल्सही आहेत. पानामागून पान पांढरे चौकोन आणि त्यांवर भोकं. हे कोणी, कशासाठी जपून ठेवलं असेल, असा प्रश्न पाहताक्षणी पडतो.

उत्तराचा एक धागा बातम्यांत सापडतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. ॲस्बेस्टॉस म्हणजे आगीला न जुमानणारं तंतुमय खनिज, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते; क्रायसोटाइल हा त्याचा एक प्रकार. ही बंदी नव्या मालापुरती होती. जे आधीच भिंतींत आणि छतांत जाऊन बसलंय, ते जागेवरच राहिलं. मग १९३८ साली बांधलेल्या शाळेच्या छताला नेमकं काय चिकटवलंय, हे शोधायचं कसं? ठेकेदार केव्हाच गेला, बिलं रद्दीत गेली, नकाशावर फार तर ‘अकौस्टिक टाइल’ एवढंच लिहिलेलं. अशा वेळी त्या काळातला विक्रीचा कॅटलॉग हाच बहुतेकदा एकमेव कागद उरतो. पण तो विकणाऱ्यानं लिहिलेला असतो. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे कळायला आधी थोडं आवाजाबद्दल बोलायला हवं.

## खोली घुमते म्हणजे काय होतं?

नव्या फ्लॅटचा ताबा घेतल्यावर रिकाम्या हॉलमध्ये बोललेलं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शब्द संपतो, पण त्याचा आवाज रेंगाळतो. सामान आलं, गाद्या पडल्या, पडदे लागले की तोच हॉल गप्प होतो. प्लास्टर आणि फरशी आवाज जवळजवळ सगळा परत फेकतात. कापूस, कापड, माणसं तो गिळतात. आवाज मऊ, सच्छिद्र वस्तूत शिरला की बारीक पोकळ्यांतली हवा घासली जाते आणि त्याची अगदी किंचित उष्णता होते. आवाज शोषला जातो म्हणजे इतकंच घडतं.

हे मोजून दाखवलं वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह तयार झालं आणि तिथे व्याख्यान काही केल्या कळेना. एक आवाज विरायला साधारण साडेपाच सेकंद लागत. तेवढ्यात वक्त्याचे दहा-बारा शब्द एकमेकांवर चढून बसत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी सॅबिनला यात लक्ष घालायला सांगितलं. सॅबिननं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणवल्या, शहर झोपल्यावर रात्री त्या व्याख्यानगृहात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजला. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. घड्याळ आणि स्वतःचे कान, एवढीच साधनं.

त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरात आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात. शोषण मोजण्यासाठी सॅबिननं एकक निवडलं उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचा आकडा १. एखादी टाइल ०.६० असेल, तर तिच्यावर पडलेल्या आवाजातला साठ टक्के भाग ती परत देत नाही. या आकड्याला शोषणांक म्हणू. या लेखात लागणारा अवघड शब्द एवढाच.

## उसाच्या चिपाडापासून खडकाच्या लोकरीपर्यंत

सॅबिनच्या शोधाचं विक्रीयोग्य मालात रूपांतर व्हायला वेळ लागला नाही. सुरुवातीला छताला केसांच्या नमद्याचे थर लावून वर कापड ताणत. जॉन्स-मॅनव्हिल कंपनी हे काम करायची. सॅबिननं स्वतः ग्वास्ताविनो कंपनीबरोबर अकौस्टोलिथ नावाची दगडासारखी दिसणारी सच्छिद्र टाइल तयार केली, तिचं पेटंट १९१६ चं. चर्चवाल्यांना ती आवडली, कारण दिसायला दगड आणि ऐकायला मऊ.

खरा बाजार मात्र उसानं उघडला. लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्सजवळ मरेरो या गावी सेलोटेक्स कंपनीनं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला साखर कारखान्यांतल्या चिपाडापासून जाड पुठ्ठ्यासारखे बोर्ड बनवायला घेतले. चिपाड म्हणजे रस काढून उरलेला चोथा, आपल्याकडच्या कारखान्यांत ज्याला बगॅस म्हणतात आणि बहुतांशी बॉयलरमध्ये जाळतात तोच. या बोर्डाला ओळीनं भोकं पाडली की झाली अकौस्टी-सेलोटेक्स. भोकं शोभेची नाहीत. वरचा पृष्ठभाग रंगवून गुळगुळीत केला तरी आवाजाला आतल्या तंतूंपर्यंत जायला ती वाट ठेवतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे कॅटलॉग वाचताना गंमत वाटेल. उसाच्या चोथ्याची इतकी खानदानी जाहिरात आपल्याकडे कोणी केलेली नाही.

मागोमाग बाकीचे आले. युनायटेड स्टेट्स जिप्समची अकौस्टोन ही खनिज तंतूंची, भेगा-भेगांची टाइल. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आर्मस्ट्राँग कॉर्क कंपनीनं नावाला जागून बुचाची टाइल काढली, पुढे भोकांची कुशनटोन आणि संगमरवरी भेगांसारखी दिसणारी ट्रॅव्हरटोन. जॉन्स-मॅनव्हिलची सॅनाकौस्टिक म्हणजे भोकं पाडलेला पत्र्याचा ट्रे आणि त्याच्या आत खडक वितळवून काढलेली लोकर. इस्पितळांना ती चालायची, कारण पत्रा पुसता येतो.

गिऱ्हाईकही तयार होतं. न्यूयॉर्क शहरानं १९२९ मध्ये गोंगाटावर उपाय शोधायला आयोगच नेमला होता. टाइपरायटरच्या खडखडाटानं भरलेली ऑफिसं, बँका, शाळा यांना शांतता विकायला कंपन्या बाहेर पडल्या.

## स्वीट्सचे ठोकळे आणि ३९-ब

या कंपन्यांचं मुख्य गिऱ्हाईक घरमालक नव्हता, आर्किटेक्ट होता. त्याच्या टेबलावर रोज डझनभर पत्रकं येऊन पडायची आणि हरवायची. १९०६ पासून ‘स्वीट्स’ नावाची सोय झाली. वेगवेगळ्या उत्पादकांचे कॅटलॉग एकत्र बांधलेले जाडजूड खंड आर्किटेक्टच्या ऑफिसात पोचवायचे आणि छापण्याचे पैसे उत्पादकानं द्यायचे.

स्वीट्समध्ये १९४१ पासून सुमारे वीस वर्षं लाडिस्लाव सुत्नार या मूळच्या चेक ग्राफिक डिझायनरनं पानांची रचना सांभाळली. त्याआधीचे कॅटलॉग म्हणजे गच्च मजकूर. सुत्नारनं रंगाच्या पट्ट्या, बाण, ठळक आकडे वापरून घाईतल्या माणसाची नजर हव्या त्या ठिकाणी नेली. टाइल्सच्या कॅटलॉगांत या सुमारास अचानक मोकळा श्वास दिसू लागतो, तो याच वाऱ्याचा.

कव्हरच्या कोपऱ्यात एक छोटा संकेत असतो, ए.आय.ए. फाइल ३९-ब. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं १९२० मध्ये बांधकाम-मालाला फाइल क्रमांक दिले, त्यात आवाजाचं सामान ३९-ब मध्ये गेलं. १९६० च्या दशकात ही पद्धत मागे पडून सोळा विभागांची नवी पद्धत आली. तेव्हा कव्हरवर ३९-ब दिसलं की कॅटलॉगवर साल नसलं तरी काळाचा अंदाज बांधता येतो. दुसरी खूण आत असते. जुन्या तक्त्यांत आवाजाच्या पट्ट्या (सेकंदाला किती कंपनं, त्यावरून) १२८, २५६, ५१२ अशा दुपटीनं जातात. पुढे त्याच्या १२५, २५०, ५०० झाल्या. साल न छापणाऱ्या कंपनीला हे लपवता येत नाही.

## आकडे कंपनीचेच, मग खरे कशावरून?

रास्त शंका आहे. सुरुवातीला प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं मोजायची. यावर उपाय म्हणून उत्पादकांनी अकौस्टिकल मटेरियल्स असोसिएशन ही संघटना काढली. तिनं सभासदांच्या टाइल्स एकाच पद्धतीनं तपासून घेतल्या आणि सगळ्यांचे शोषणांक एका पत्रिकेत छापले. आपल्या मालाचा आकडा फुगवला, तर शेजारच्या कंपनीचा विक्रेता ती पत्रिका उघडून दाखवणार. प्रामाणिकपणा सद्गुणापेक्षा या भीतीतून जास्त आला असावा, असं माझं मत.

इलिनॉयमधल्या जिनिव्हा गावातली रिव्हरबँक प्रयोगशाळा या कामात अग्रणी. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. जॉर्ज फॅबियन हा कापडाचा श्रीमंत व्यापारी. शेक्सपिअरची नाटकं फ्रान्सिस बेकननं लिहिली, हे सिद्ध करायला त्यानं आपल्या इस्टेटीवर माणसं ठेवली होती. त्यातूनच अमेरिकेचे पुढचे नामांकित संकेतभेदी विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन घडले. याच फॅबियननं सॅबिनसाठी आवाजाची प्रयोगशाळा बांधली. ती तयार झाल्यावर थोड्याच दिवसांत, १९१९ च्या जानेवारीत, सॅबिन वारला आणि त्याचा दूरचा नातलग पॉल सॅबिन यानं ती पुढे चालवली.

म्हणून तक्त्यातले आकडे बऱ्यापैकी भरवशाचे. पण लग्नाच्या बायोडेटासारखे ते वाचायचे : लिहिलेलं खोटं नसतं, अट मात्र बारीक अक्षरात असते. इथली अट म्हणजे टाइल लावण्याची पद्धत, ‘माउंटिंग’ क्रमांक. १ म्हणजे सरळ छताला चिकटवलेली. ७ म्हणजे लोखंडी सांगाड्यावर टांगलेली, वर सोळा इंचांची पोकळी. तीच टाइल टांगली की पोकळीमुळे खालच्या, घोगऱ्या पट्टीतला आवाज बराच जास्त शोषते. तक्त्यात ७ चा आकडा आणि प्रत्यक्षात टाइल चिकटवलेली, असं असेल तर तो आकडा त्या खोलीचा नाहीच.

दुसरी गोम सरासरीची. मुखपृष्ठावर झळकणारा एकच आकडा हा २५०, ५००, १००० आणि २००० या चार पट्ट्यांच्या शोषणांकांची सरासरी, जवळच्या ०.०५ पर्यंत आणलेली. १२५ ची पट्टी त्यात धरतच नाहीत. ढोल, एसीचं घुमणं, ट्रकचं इंजिन यांचा बराचसा आवाज नेमका तिकडे राहतो. पूर्ण तक्ता आत असतो, तो पाहावा.

## मोठा आकडा म्हणजे चांगली टाइल?

कॅटलॉगांतली सगळी चुरस इथे होती. आमची ०.६५, त्यांची ०.६०. खरंच किती फरक पडतो, ते सॅबिनच्या सूत्रानं करून पाहू.

दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद, तीन मीटर उंच असा वर्ग घ्या. मुलं नाहीत, बाकं नाहीत, सगळीकडे प्लास्टर आणि फरशी. घनफळ २४० घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून २६८ चौरस मीटर. उघडं प्लास्टर तीन टक्के आवाज शोषतं असं धरलं, तर एकूण शोषण सुमारे ८. आवाज विरायला ४.८ सेकंद. असल्या वर्गात शिकवणं अशक्य.

आता फक्त छताला ०.६० ची टाइल लावा. ऐंशी चौरस मीटर गुणिले ०.६० म्हणजे ४८. भिंती-फरशीचे साडेपाच मिळवून साधारण ५४. आवाज पाऊण सेकंदाच्या आत विरतो. गोंगाटही आठेक डेसिबलनं उतरतो. कानाला हा फरक प्रचंड आहे.

मग महागडी ०.८० ची टाइल आणली तर? एकूण शोषण ७०, वेळ अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर. गोंगाटात पडणारी आणखी घट साधारण एका डेसिबलची, जी बहुतेकांना जाणवणारही नाही. पहिली टाइल चमत्कार करते, तिच्यापुढची सुधारणा किरकोळ. त्या काळातल्या विक्रेत्यांनी ०.०५ च्या फरकावर जी युद्धं खेळली, त्यातली बरीच कानांसाठी नव्हती, निविदेसाठी होती.

## मग वरच्या मजल्यावरची आदळआपट थांबेल?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याबाबत आहे आणि कॅटलॉगांनी तो दूर करण्याची फारशी घाई केलेली दिसत नाही. ‘शांतता’, ‘निवांतपणा’ असे शब्द छापले की गिऱ्हाईक आपल्याला हवा तो अर्थ काढतो.

शोषण म्हणजे खोलीत झालेला आवाज खोलीतच विरवणं. आवाज पलीकडे जाऊ न देणं हे वेगळं काम आहे आणि त्याला वजन लागतं : जाड भिंत, फटी बंद, मधे हवाबंद पोकळी. टाइल हलकी आणि सच्छिद्र, तिच्यातून आवाज आरामात पलीकडे जातो. आपल्याकडच्या ऑफिसांतही हेच घडतं. फॉल्स सीलिंगच्या खालपर्यंतच पार्टिशन उभं केलं, तर साहेबांच्या केबिनमधलं बोलणं वरच्या पोकळीतून शेजारच्या टेबलावर उतरतं. कितीही उत्तम टाइल लावा.

## आणि वरून रंग मारला तर?

कॅटलॉग म्हणतो, खुशाल मारा. भोकांच्या टाइल्सचा हा मोठा विक्रीमुद्दा होता आणि त्यात तथ्यही होतं. पातळ हात मारला तर भोकं उघडी राहतात आणि वाट बंद होत नाही. पण भेगांच्या किंवा खरबरीत पृष्ठभागाच्या टाइलला तोच न्याय लागू नाही. तिथे बारीक छिद्रं हाच मार्ग आणि दर काही वर्षांनी दिलेल्या रंगाचे थर तो बुजवतात. चाळीस वर्षांत पाच-सहा वेळा रंगवलेल्या छताला कॅटलॉगातला ०.७० लावून हिशेब करू नये.

छिद्रं बुजवून शोषण मारता येतं, हे ड्यूक विद्यापीठाच्या चॅपलमध्ये तर मुद्दाम केलं गेलं. तिथे आत अकौस्टोलिथ होतं. १९७० च्या दशकात नवा मोठा ऑर्गन बसवायचा ठरला, तेव्हा त्याचे सूर घुमायला हवेत म्हणून त्या पृष्ठभागावर लेप देऊन छिद्रं बंद केली. एका पिढीनं पैसे मोजून आणलेली शांतता पुढच्या पिढीला नकोशी झाली.

## जे छापलंच नाही

कॅटलॉग सगळ्यात जपून वाचायचा तो आग आणि ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत.

चिपाडाची किंवा लाकडाच्या लगद्याची टाइल जळते. बरेच कॅटलॉग यावर गप्प बसतात. ‘अज्वलनशील’ हा शब्द ज्या टाइलला लागू पडतो तिथे तो मोठ्या अक्षरात असतो. शेजारच्या पानावरच्या टाइलला तो नसेल, तर त्याचं कारण उघड आहे. डिसेंबर १९६१ मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्ड इस्पितळात कचरा टाकण्याच्या शूटमधून आग नवव्या मजल्यावर फुटली आणि जळणाऱ्या छत-टाइल्समुळे मार्गिकेतून झपाट्यानं पसरली. सोळा जण गेले. पुढच्या कॅटलॉगांत आगीच्या फैलावाचा आकडा ठळक होत जातो. तो मोजतात पंचवीस फुटी बोगद्यात नमुना पेटवून. त्या मापपट्टीवर रेड ओक लाकूड १०० आणि शून्यावर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा. म्हणजे सुरक्षिततेचं आदर्श टोकच ॲस्बेस्टॉसचं होतं. एके काळी हा शब्द कंपन्या अभिमानानं छापत, यात म्हणूनच नवल नाही.

यातून वाचकाला काय मिळतं? कॅटलॉगात एखाद्या टाइलच्या वर्णनात ॲस्बेस्टॉस लिहिलं असेल, तर प्रश्न मिटला. लिहिलं नसेल, तर काहीच सिद्ध होत नाही. ‘खनिज तंतू’ या दोन शब्दांत खडकाची लोकर मावते आणि गरज पडली तर ॲस्बेस्टॉसही. शिवाय टाइल निर्दोष असली, तरी तिच्यामागे लावलेल्या डिंकाच्या गोळ्यात ते असू शकतं आणि डिंकाबद्दल टाइलचा कॅटलॉग फार बोलत नाही. शेवटचा निकाल तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच लागतो. कॅटलॉग एवढंच सांगतो की कुठला तुकडा आधी तपासायचा. तोही घरच्या घरी खरवडून काढू नये. जागेवर शांत बसलेली टाइल धोका देत नाही, फोडताना उडणारी धूळ देते.

या विषयातून आपली सुटका झालेली नाही. भारत आजही क्रायसोटाइल आयात करतो आणि ते मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जातं. महाराष्ट्रातली असंख्य गोदामं, गोठे आणि घरं त्या पत्र्यांखाली आहेत. ते फोडताना, कापताना किंवा भोक पाडताना धुळीची हीच काळजी लागते.

## हे सगळं फुकट कसं काय?

वर सांगितलेला साठा मुख्यतः १९६४ पूर्वीचा आहे. हे साल असंच निवडलेलं नाही. त्याआधी अमेरिकेत छापलेल्या मजकुराचा कॉपीराइट अठ्ठावीस वर्षं टिकायचा आणि पुढे हवा असेल तर अर्ज करून वाढवून घ्यावा लागे. १९३५ च्या छत-टाइलच्या पत्रकासाठी १९६३ मध्ये असा अर्ज कोण करणार? माल बंद, पत्रक निरुपयोगी. त्यामुळे बहुतेक कॅटलॉग सार्वजनिक मालकीचे झाले. १९६४ पासूनच्या मजकुराला मात्र १९९२ च्या कायद्यानं आपोआप मुदतवाढ मिळाली, म्हणून नंतरचे कॅटलॉग तितक्या सहज मिळत नाहीत.

शोधायला जाल तर ‘छत’ किंवा ‘टाइल’ टाकून हजार नको ते निकाल येतील. त्यापेक्षा मालाचं नाव टाका : अकौस्टी-सेलोटेक्स, सॅनाकौस्टिक, कुशनटोन. हातात टाइलचा फोटो असेल, तर आधी भोकांची मांडणी पाहा. ओळीनं आहेत की विखुरलेली, एकाच मापाची की दोन मापांची, कड तिरकी कापलेली की सरळ, चौकोन बारा इंची की चोवीस. कॅटलॉगांत या गोष्टी रेखाचित्रासह छापलेल्या असतात आणि कंपनीनं त्यात खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं.